आईच्या वहीत ताईचा रकाना नव्हता

आईच्या आजारपणाची वही अजून माझ्या कपाटात आहे. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची, दुकानात रोजकीर्द लिहायला वापरतात तशी. जुलै 2021 मध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडकलं, आणि पुढचे चाळीस महिने ती अंथरुणावर होती. हिशेब लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे वहीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. डायपरची पाकिटं, पाठीला लावायचं मलम, एअर बेड, फिजिओथेरपीचे दिवस, रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मावशींचे पैसे, सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. महिन्याची बेरीज खाली लाल शाईने.

आई गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी दादाने विचारलं, "एकूण किती झाले गं?" खर्च तिघा भावंडांत वाटून घ्यायचा होता. इस्पितळाचं बिल धरून बेरीज साडेनऊ लाखांच्या घरात गेली. तो आकडा सांगताना माझ्या लक्षात आलं, की या आजारपणातली सगळ्यात मोठी रक्कम या वहीत नाहीच. ताईने पहिल्याच महिन्यात नोकरी सोडली होती. तेव्हा ती 47 वर्षांची होती आणि तिचा पगार 31,000 रुपये होता. चाळीस महिन्यांचे झाले बारा लाख चाळीस हजार. यात मिळाली असती ती पगारवाढ नाही, भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा नाही, ग्रॅच्युइटी नाही. मी रोज संध्याकाळी ताईला फोन करून "आज काय काय आणलं?" असं विचारत होते, आणि वहीत लिहीत होते. तिला काय सोडावं लागलं, हे मी एकदाही लिहिलं नाही. आयुष्यभर लोकांची खाती तपासलेल्या माझ्यासारखीच्या हातून ही नोंद सुटली. मग ती कोणाच्याच हिशेबात नसणार, हे उघड आहे.

आपल्याकडे म्हातारपणाचा विषय निघाला की बोलणं लगेच संस्कारांवर जातं. मुलं परदेशी गेली, सुना वेगळ्या राहिल्या, वृद्धाश्रम वाढले, पूर्वी असं नव्हतं. लग्नाच्या पंगतीपासून ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक सभेपर्यंत हेच ऐकू येतं. मला या बोलण्याचा राग येतो, कारण त्यात खरा प्रश्न झाकला जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चोवीस तास कोणाचे तरी दोन हात लागतात. ते हात कोणाचे, किती तास, आणि त्या तासांची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न आहे. घरात प्रेम असलं म्हणून तो सुटत नाही. ताईचं आईवर प्रेम होतं, म्हणूनच तिची नोकरी गेली.

पुंडलिकाची गोष्ट मला लहानपणापासून आवडते. आईवडिलांची सेवा करत बसलेला मुलगा दारात आलेल्या देवाकडे वीट सरकवतो आणि जरा थांब म्हणतो. या गोष्टीत पाय पुंडलिक स्वतः चेपतो. बायकोला हाक मारून "तू बस जरा इथे" म्हणत नाही. आपण त्याचं नाव घेतो, राज्य सरकारच्या पेन्शन योजनेला श्रावणबाळाचं नाव देतो, कावड मात्र बहुतेक घरांत बाईच्या खांद्यावर असते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के बायका घरातल्या कोणाची तरी बिनपगारी काळजी घेतात, पुरुषांपैकी साधारण 21 टक्के. जे हे काम करतात त्यांच्यातही बायका दिवसाला 137 मिनिटं देतात आणि पुरुष 75. यात लहान मुलांचं करणंही आलं. स्वयंपाक, धुणंभांडी, झाडलोट यांचा हिशेब वेगळा, त्यात बायकांची 289 मिनिटं आणि पुरुषांची 88. रात्री दोनदा उठून कूस बदलणं, उशाशी बसून छातीतली घरघर ऐकत राहणं, हे मिनिटांत कसं बसवायचं ते मला समजत नाही. त्या वेळी बाई दुसरं काही करू शकत नसते आणि झोपूही शकत नसते.

पूर्वी एकत्र कुटुंबात सगळं निभावत होतं, हेही एकदा तपासायला हवं. स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्या देशातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता, म्हणजे सगळेच तिशीत जात होते असं नाही. पण झटका आल्यावर, खुब्याचं हाड मोडल्यावर किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर माणसं वर्षानुवर्षं जगतात, असं तेव्हा क्वचित घडत होतं. छातीत कफ भरायचा, पाठीला जखम व्हायची, आणि थोड्याच दिवसांत सगळं संपायचं. आज प्रतिजैविकं आहेत, नाकातली नळी आहे, घरपोच ऑक्सिजन आहे. इतका लांब पल्ला आपल्या आजी-पणजींच्या वाट्याला आलाच नव्हता. मग त्यांनी तो निभावला असं आपण कशावरून म्हणतो?

आणि मुलगा जवळ असायचा, हे तरी कुठे खरं होतं? गिरणगावात खानावळीत जेवणाऱ्या आणि पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणाऱ्या हजारो कोकणी माणसांची आई गावाकडेच होती. तिच्या हाती यायची ती मनीऑर्डर, आणि तिचं करायची ती सून. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 बाया होत्या आणि सिंधुदुर्गात 1,036. कर्ता मुलगा मुंबईत आणि म्हातारी माणसं गावात, ही कोकणातली व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. ती चालली कारण सून तिथे होती आणि तिच्याजवळ दुसरा पर्याय नव्हता. आता तिला पर्याय आहेत. तिने ते नाकारावेत, अशी अपेक्षा धरून कोणतंही धोरण आखणं मला अन्यायाचं वाटतं.

सुनाही आता तितक्या नाहीत, आणि मुलंही. 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी 2.9 मुलं होत होती. 2019-21 च्या पाहणीत 1.7. त्याच वेळी 2011 च्या जनगणनेत राज्यात साठीच्या पुढची माणसं एक कोटी अकरा लाख होती, जवळजवळ दर दहांत एक. देशपातळीवरचा अंदाज असा, की 2050 पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक साठीच्या पुढचा असेल. ही माणसं कशी जगतात, हे शोधायला आपल्याच मुंबईत, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये मोठं सर्वेक्षण केलं. 45 वर्षांवरच्या माणसांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून 72,000 हून जास्त जणांची पाहणी झाली. त्याच सर्वेक्षणाच्या पुढच्या कामातून साठीवरच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज पुढे आला. अठ्ठ्याऐंशी लाख घरांत कोणीतरी दाराला आतून कडी लावून, किल्ल्या लपवून, गॅसचा खटका बंद आहे ना हे दहादा बघून दिवस काढत असणार. म्हणजे माहिती नाही म्हणून काही होत नाही, असं आता म्हणता येणार नाही.

सेवा म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नाही त्यांना सांगायला हवं. दर दोन तासांनी कूस बदलायची. आईच्या कमरेखाली आडवी चादर घातलेली असायची. तिची दोन टोकं धरून एकीने ओढायचं आणि दुसरीने खांद्याला आधार द्यायचा. दुसरी नसेल तर गुडघा पलंगाच्या कडेला टेकवून एकटीनेच. मग पाठ बघायची. माकडहाडाच्या वर लाल चट्टा दिसला आणि बोटाने दाबून तो पांढरा झाला नाही, तर जखम सुरू झाली म्हणून समजायचं. मऊ भात मिक्सरमधून काढून चमच्याने भरवायचा, आणि प्रत्येक घासानंतर थांबायचं, कारण एक ठसका छातीत उतरला तर पुन्हा इस्पितळ. एका जेवणाला पाऊण तास. ताई हे रोज तीनदा करत होती. शेवटच्या चौदा महिन्यांत दिवसाची मावशी मिळाली, तोवर एकटीने.

त्या काळात एकदा भाजी चिरताना विळीने तिचा अंगठा कापला. जखम किरकोळ होती, पण तीन आठवडे भरेना. डॉक्टरांनी साखर तपासली, ती ठीक निघाली. पुढे मी या विषयावर वाचायला लागले तेव्हा अमेरिकेतल्या ओहायोमधला 1995 चा एक अभ्यास समोर आला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या 13 बायका आणि तसं काम नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या 13 बायका घेतल्या होत्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्यांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. ताईच्या अंगठ्याचं कारण तेच होतं, असं मी म्हणणार नाही. पण दमणूक शरीरात उतरते आणि ती मोजता येते, हे कळल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. 1999 मध्ये अमेरिकेतच रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा अभ्यास आला. आजारी जोडीदाराचं करणाऱ्या आणि त्या कामाचा ताण जाणवणाऱ्या वयस्क माणसांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका, तसं काम नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांचा धोका तसा वाढलेला नव्हता. याचा अर्थ सेवेने माणूस खचतो असं नाही. एकट्याने, विसाव्याशिवाय केलेल्या सेवेने खचतो. आणि विसावा देणं ही बाहेरच्यांना करता येण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्या कायद्याला मात्र विसावा हा शब्द माहीत नाही. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याने प्रांताधिकाऱ्यासमोर अर्ज करायची सोय दिली आणि निर्वाहभत्त्यावर कमाल 10,000 रुपयांची मर्यादा घातली. कायद्याची गरज होती, त्यामुळे काही म्हाताऱ्यांना स्वतःच्याच घरात परत जाता आलं, हे मी मान्य करते. पण त्याची नजर फक्त मुलाच्या कृतघ्नतेवर आहे. कायद्यातल्या 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. म्हणजे जिच्यावर कायद्याने जबाबदारी टाकलेली नाही तिनेच बहुतेक घरांत काम करायचं, आणि ज्याच्यावर टाकली आहे त्याने महिन्याला पैसे दिले की तो मोकळा.

याच कायद्यातलं 23 वं कलम बक्षीसपत्राचं आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी वयस्क अशिलांचा पहिला प्रश्न हाच असतो: घर आत्ता द्यावं की मृत्युपत्रात ठेवावं? अर्थशास्त्रज्ञांनी यावरही विचार केलेला आहे. 1985 मध्ये बर्नहाइम, श्लायफर आणि समर्स या तिघांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं, की ज्यांच्याजवळ वारशाने देण्यासारखी मालमत्ता आहे अशा आईवडिलांकडे मुलांच्या फेऱ्या आणि फोन जास्त असतात. हे वाचून माणसाला वाईट वाटतं. पण त्यातून मला दुसरीच गोष्ट दिसते. ज्यांच्याजवळ द्यायला घर नाही, त्यांचं काय? सांभाळ जर मालमत्तेच्या भरवशावर ठेवायचा असेल, तर भूमिहीन, भाडेकरू आणि नवऱ्याच्या नावावरच्या घरात आयुष्य काढलेली विधवा, या सगळ्यांना आपण आधीच बाहेर ठेवलं.

आता या कायद्यातले आणि योजनांतले आकडे बाजारातल्या दरांशेजारी ठेवून बघू. आमच्याकडे येणाऱ्या मावशींचे बारा तासांचे 800 रुपये होते, म्हणजे महिन्याला 24,000. कायद्यातले कमाल 10,000 रुपये म्हणजे साडेबारा दिवसांची मावशी, तीही फक्त दिवसाची. श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1,500 मिळतात, म्हणजे दोन दिवसही पुरे भरत नाहीत. आणि ते मिळण्यासाठी वय 65 आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत दाखवावं लागतं. वर्षाला एकवीस हजार, म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपये. खऱ्या अर्थाने इतक्यात राहणारं कुटुंब महाराष्ट्रात कुठे आहे ते मला कोणी दाखवावं. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला 60 ते 79 वयासाठीचा वाटा कितीतरी वर्षं 200 रुपयांवरच आहे. खासगी कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेल्यांना ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान 1,000 रुपयांची हमी सप्टेंबर 2014 मध्ये मिळाली, आणि ती तिथेच थांबली.

आरोग्य विमा इथे कामाला येत नाही, हेही बऱ्याच जणांना वेळ आल्यावरच कळतं. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच मिळालं. चांगलं पाऊल आहे. पण ते कवच इस्पितळातल्या उपचारांपुरतं आहे. आमची आई चाळीस महिन्यांत इस्पितळात होती एकूण सत्तावीस दिवस. बाकीचे बाराशेच्या आसपास दिवस ती घरात होती, आणि त्या दिवसांसाठी ना मेडिक्लेम होता ना सरकारी योजना. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला मुलांच्या संगोपनासाठी सेवाकाळात 730 दिवसांची रजा आहे. आईवडिलांसाठी तशी वेगळी रजा नाही, आपली साठवलेली अर्जित रजा मोडावी लागते. ताई तर खासगी नोकरीत होती. तिला तीन आठवडे मिळाले आणि चौथ्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, "नक्की कधी येणार?"

मग बाजार हा प्रश्न सोडवेल का? ज्यांच्याजवळ पैसे आहेत त्यांनी मावशी ठेवावी, असं सांगणारे खूप असतात. आम्हीही ठेवली. करमाळा तालुक्यातल्या एका गावच्या होत्या, पन्नाशीच्या. पुण्यात चौघीजणी एका खोलीत भाड्याने राहायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आईचा हात हातात घेऊन स्वतःची ओळख सांगितली, दोनदा. आई बोलू शकत नव्हती तरी. 800 मधले 150 ब्युरोचे जायचे. आजारी पडल्या तर पैसे नाहीत, सणाला गावी गेल्या तर पैसे नाहीत, आणि पेशंट गेला की त्याच दिवशी काम संपलं. उचलून उचलून त्यांची कंबर धरलेली होती. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे, पण मावशींनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांची स्वतःची सासू गावी एकटी होती आणि तिच्याजवळ मावशींची मुलगी राहत होती. आमची आई मावशी बघत होत्या, मावशींची सासू त्यांची मुलगी बघत होती. ही साखळी जिथे संपते, तिथे पगार नसतो.

इथे बाजाराची एक अडचणही समजून घ्यायला हवी. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात दाखवलं, की कारखान्यात यंत्रं येतात तसा माणशी माल वाढतो आणि पगारही वाढू शकतो, पण जिथे माणसाचा वेळ हेच काम असतं तिथे ते वाढत नाही. घास भरवायला 1925 मध्ये पाऊण तास लागत होता, आजही लागतो. तो वीस मिनिटांत उरकला तर आईला ठसका लागतो. पण बाकीच्या क्षेत्रांतले पगार वाढले की सेवेचा दरही वाढवावाच लागतो, नाहीतर कोणी हे काम करायला येणार नाही. म्हणून सेवा वर्षागणिक महाग होत जाणार, आणि ती स्वस्त ठेवायची असेल तर दोनच वाटा उरतात. मावशीला कमी द्यायचं, किंवा ताईला काहीच द्यायचं नाही. सध्या आपण दोन्ही करतो आहोत. तिसरी वाट म्हणजे सगळ्यांनी मिळून खर्च उचलायचा.

जर्मनीने 1995 मध्ये आणि जपानने एप्रिल 2000 मध्ये त्यासाठी दीर्घकालीन सेवेचा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशी ओलांडली की प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. निम्मा खर्च हप्त्यांतून, निम्मा करांतून, आणि सेवा घेणाऱ्याने बिलाचा दहावा हिस्सा द्यायचा, उत्पन्न जास्त असेल तर थोडा अधिक. हे ठरत असताना तिथे एक वाद झाला, तो मला फार जवळचा वाटतो. घरच्या माणसाने सेवा केली तर त्याला रोख भत्ता द्यावा का? हिगुची केइको यांच्यासारख्या स्त्री-कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं, पैसे घरात आले की सुनेवरचा दबाव उलट वाढेल, "आता तुला त्याचे पैसे मिळतात ना" असं तिला ऐकावं लागेल. जपानने भत्ता ठेवला नाही, सेवा दिली. जर्मनीने भत्ताही ठेवला, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली: आठवड्याला किमान दहा तास घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्याच्या पेन्शन खात्यात विम्यातून वर्गणी भरली जाते. माझं मत जपानी बायकांच्या बाजूने आहे. आपल्या घरांची रचना त्यांच्यापेक्षा फार वेगळी नाही. आधी घरपोच सेवा हवी. रोख भत्त्याच्या मी विरोधात आहे, पण पेन्शनची वर्गणी हवी, कारण ती बाईच्या स्वतःच्या नावावर जमा होते आणि घरातलं कोणी ती मागू शकत नाही. जपानमध्येही अजून दरवर्षी लाखभर माणसं घरच्यांच्या सेवेसाठी नोकरी सोडतात, म्हणजे विमा आला की सगळं मिटलं असं नाही. पण तिथे निदान ती मोजली जातात.

सरकारने सेवा दिली तर मुलं हात झटकतील, हा आक्षेप मी दर वेळी ऐकते. त्याचं उत्तर अनुभवातून देता येतं आणि अभ्यासातूनही. नॉर्वे, इंग्लंड, जर्मनी, स्पेन आणि इस्रायल या पाच देशांत झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, जिथे सार्वजनिक सेवा भरपूर आहेत तिथे कुटुंबं मागे सरकतात असं आढळलं नाही. कामाची वाटणी बदलते, एवढंच. आमच्या घरी मावशी आल्यावर ताई आईजवळ बसून तिला जुने फोटो दाखवायला लागली. आधीच्या सव्वीस महिन्यांत तिला त्यासाठी वेळच नव्हता.

श्रीमंत देशांची उदाहरणं आपल्याला कशाला, असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. कोळिकोडमध्ये 1993 मध्ये वेदनाशमन आणि परिहार सेवेची (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याची) छोटी संस्था सुरू झाली. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, आणि 2008 मध्ये राज्य सरकारने त्याचं धोरण केलं. आज तिथे ग्रामपंचायतीच्या पैशातून नर्स घरी जाते, मूत्रनळी बदलते, पाठीची जखम धुते, आणि घरच्या बाईला ते कसं करायचं हे शिकवते. त्या पहिल्या सव्वीस महिन्यांत आठवड्यातून एकदा अशी बाई दारात आली असती, तर काय काय वाचलं असतं याची यादी मी करू शकते. आईची पाठीची पहिली जखम वाचली असती, इस्पितळाची दुसरी फेरी वाचली असती. आपल्याकडे आशा ताई आहेत, उपकेंद्रं आहेत, बचत गटांचं जाळं आहे. नसलेली गोष्ट म्हणजे हे आपलं काम आहे, असा निर्णय.

पैसे कुठून, हा प्रश्न रास्त आहे, आणि महाराष्ट्राने त्याचं उत्तर एकदा दिलेलं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना उभी करायची होती, वि. स. पागे यांनी ती मांडली होती. गावातल्या मजुराला काम द्यायला पैसे हवेत म्हणून 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो आजही कापला जातो: अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाला 2,500. पगारपत्रकं मी आयुष्यभर करत आले, तो रकाना मला तोंडपाठ आहे. कोणाच्या तरी हाताला काम मिळावं म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं, हे या राज्याने देशाच्या तीस वर्षं आधी करून दाखवलं. 2,500 ची ती कमाल मर्यादा राज्यघटनेच्या 276 व्या कलमात 1988 पासून तशीच आहे. ती वाढवावी, वाढीव भाग घरपोच वृद्धसेवेसाठी राखून ठेवावा, तालुक्याला एक फिरतं पथक, आणि आजारी माणसाला महिन्यातून चार-पाच दिवस ठेवून घरच्यांना विसावा देता येईल असं एक ठिकाण, इथून सुरुवात करावी. त्या पथकात मावशींसारख्या बायका पगारी नोकरीवर असाव्यात, त्यांना प्रशिक्षण आणि आजारपणाची रजा असावी. माझे अशील कर वाचवायला माझ्याकडे येतात, तरीही मी हे लिहिते आहे.

जमशेदपूरच्या 1989 मधल्या आगीत गेलेल्यांच्या भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला 3,000 रुपये धरली, आणि पुढे 2021 मध्ये अशा कामाचं मोल धरायलाच हवं असं पुन्हा ठासून सांगितलं. पण ही गणितं ती बाई गेल्यानंतर मांडली जातात. ती असताना मांडायला हवीत. आमच्या घरी आम्ही ती उशिरा का होईना मांडली. बारा लाख चाळीस हजारांचे तीन भाग केले, आणि दादाने व मी आपापला भाग ताईच्या नावावर टाकायला सुरुवात केली, हप्त्याने. ताई आधी रागावली. "मी काय आईची नोकरी करत होते का?" म्हणाली. आठवडाभर बोलली नाही, मग पासबुक घेऊन गेली. पण आम्ही तिघं होतो, दोघांचे पगार चालू होते. एकुलत्या एका मुलीने हे कोणाबरोबर वाटून घ्यायचं?

गेल्या महिन्यात मावशींचा फोन आला. सासू पडली, खुबा मोडला, त्या पुण्यातलं काम सोडून गावी गेल्या आहेत. आमच्याकडचा एअर बेड अजून आहे का, विचारत होत्या. होता, पोटमाळ्यावर. पंप चालतो का ते बघून ताईने तो धुतला, वाळवला आणि एसटीच्या पार्सलने पाठवून दिला. मिळाल्याचं कळवायला त्यांनी पुन्हा फोन केला. दिवसभर तुम्हीच असता का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, रोजाने जावं लागतं. मुलगी असते. यंदा दहावीला आहे, पण घरीच असते.